मधुकरनानाची मुकी गाडी

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मधुकरनाना अजून आहे, धडधाकट आहे, जळगावात राहतो, ही माझी सोय. गेल्या मे महिन्यापासून मी त्याच्या घराची पायरी चढलेलो नाही. लोक त्याला अहो-जाहो करतात. तोंडावर मीही करायचो. लिहिताना करणार नाही.

आम्ही दोघे एकाच गावचे, पारोळ्याकडचे. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी जळगावात शाळेत मास्तर झालो आणि तो शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडू लागला. कापसाच्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्या की ते शेत राहत नाही, नगर होतं. अशी पाच-सहा नगरं त्यानं वसवली. त्याचा मला हेवा वाटला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल, पण शिसारीही आली नव्हती. ती आली गाडीबरोबर.

गाडी जर्मन, विजेवर चालणारी, चार दारांची पण अंगानं चपटी. आवाज नाही म्हणून सगळे तिला मुकी म्हणायचे. हिला ग्रँड टूरर म्हणतात, असं त्यानं मला तीन वेळा सांगितलं. म्हणजे देशच्या देश आरामात आणि वेगानं पालथे घालायची गाडी. नानानं तिच्यातून पालथं घातलं ते जळगाव, धुळे आणि मधली गावं. रंगाला राखाडी म्हटलेलं त्याला चालायचं नाही. कागदावर 'ज्वालामुखी करडा' असं छापलेलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा तेच ऐकवायचा. मुंबईहून ती आणली त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या गतिरोधकांवरून न्यायची कशी यावर अर्धा तास खल झाला. एक बटण दाबलं की ती अंग उचलून घ्यायची, पावसात साडी वर धरून चालणाऱ्या बाईसारखी. तरी दुसऱ्या गतिरोधकाला पोट घासलंच. नाना खाली उतरला, रस्त्यावर पालथा पडून त्यानं पाहिलं आणि उठून नगरसेवकाच्या आईचा उद्धार केला.

पूजेला गुरुजी बोलावले होते. त्यांनी कुंकवात तेल कालवून बोट पुढे केलं, तसा नानानं त्यांचा मनगटापाशी हात धरला. "थांबा." आतून त्यानं पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणला, बॉनेटवर चिकटपट्टीनं चारी बाजूंनी लावला आणि मग स्वस्तिक काढू दिलं. नारळ गाडीपासून वीस पावलांवर, गटाराच्या कडेला फोडला. पूजा झाल्यावर स्वस्तिकासकट प्लास्टिक सोलून घडी करून देवघरात ठेवलं. गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि जाता जाता मला म्हणाले, "देवाला पण मोजे घालून आत घेतलं." मी हसलो. पेढाही खाल्ला.

नानाचा एक नियम होता. गाडीत बसताना चपला काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि पिशवी मांडीवर धरायची. पिशव्या दाराच्या कप्प्यात तयार असत. तहसीलदारापासून भटजीपर्यंत सगळे आपापल्या चपला मांडीवर घेऊन बसलेले मी पाहिलेत आणि त्यात मी स्वतःही आहे. लिंबाखाली गाडी लावायची नाही, कारण पाखरं. लसणाच्या चटणीचा डबा गाडीत नाही, त्यामुळे लग्नाला जाताना बायको मागून जुन्या गाडीनं डब्यासकट यायची. बाहेर चांगली खणखणीत अहिराणी बोलणारा हा माणूस दार लागलं की पुस्तकी मराठीवर यायचा. खड्डा गेला की मान वळवून विचारायचा, "काही जाणवलं का?" नाही म्हणेपर्यंत मान वळवत नसे. आणि गाडी सिग्नलला उभी असताना, आजूबाजूला रिक्षा धडधडत असताना, त्याचं ठरलेलं वाक्य यायचं: "मास्तर, आवाज गरिबाचा असतो."

मी का जायचो त्याच्याबरोबर? सरळ सांगतो. मे महिन्यातलं जळगाव आणि ती थंडगार खुर्ची. खुर्चीला आतून वारा यायचा. पाठीला गार वारा लागत असला की माणूस बरंच काही ऐकून घेतो.

आमच्याकडे माणूस गेलं की पहिले दहा दिवस लोक भेटीला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. बायका आत पदर घेऊन बसलेल्या असतात, पुरुष ओट्यावर सतरंजीवर. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला की आतल्या बायकांना कळतं, कोणीतरी आलं, आणि रड सुरू होते. पाहुणा दारात येईपर्यंत ती पुरती चढलेली असते. परका माणूस याला नाटक म्हणेल. नाटक नाही ते, रीत आहे. दिवसभर सलग कोणी रडू शकत नाही, आणि आलेल्या माणसाचं दुःख सुकं ठेवून त्याला परतही पाठवता येत नाही.

गाडी आल्यापासून नाना एकही दार चुकवेना. चुलत्याच्या सासऱ्याचं दार, जुन्या भागीदाराच्या मावशीचं दार. लग्नात गाड्या खूप असतात, त्यात एक हरवून जाते. दारावर मोटारसायकली आणि एखादी जीप, तिथं मुकी एकटी उठून दिसायची. ओट्यावरचे लोक गप्प बसलेले असतात, त्यांना बघायला दुसरं काही नसतं. हे त्याचं गणित मला कळत होतं, तरी मी शेजारी बसून होतो.

एरंडोलच्या एका दारावर आम्ही दुपारी पोचलो. गाडी घरासमोर जाऊन उभी राहिली आणि कोणाला पत्ताच लागला नाही. दार उघडंच होतं. आत बायका चहा पीत होत्या, एक जण कसलीशी नक्कल करत होती आणि जिचा नवरा गेला होता ती म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली असेल बिचारी. नाना दारात दिसला आणि सगळ्यांचे कप हवेत थांबले. एकीनं घाईनं सूर लावला, तिला ठसका लागला. म्हातारीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

त्याच्या जागी मी असतो तर पाणी पिऊन निमूट बसलो असतो. नाना मागे वळला. "मास्तर, चल." मला वाटलं, बाईची लाज राखायला बाहेर आला. त्यानं गाडी उलटी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. मग समोरच्या पडद्यावर बोटं फिरवली. या गाडीला आवाज नसला तरी आवाज काढायची सोय आहे, शौकिनांसाठी, स्पीकरमधून. विमान आणि बैल यांच्या मधला कसलातरी हुंकार. तो चालू करून, हुंकारत हुंकारत, तो पुन्हा त्या दारापुढे आला. आतून रड उठली. नाना समाधानानं उतरला, खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. मी गाडीतच बसून राहिलो. त्यानंतर दारावर जाताना तो आवाज दर वेळी लागायचा आणि 'आवाज गरिबाचा' हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं नाही.

या सगळ्याला मी अजूनही हसण्यावारी नेलं असतं. पण अक्का होती.

अक्का म्हणजे नानाची थोरली बहीण, धरणगावला दिलेली. आई गेली तेव्हा नाना दोन वर्षांचा आणि अक्का अकरा वर्षांची. तिनं शाळा सोडली आणि हा कडेवर घेतला. गावातले म्हातारे तिची आठवण सांगतात ती कंबरेवर मधू आणि डोक्यावर हंडा अशीच. मधू चौथीपर्यंत तिच्या हातूनच जेवायचा, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर दुधात कुस्करून. लग्न झालं, नवरा लवकर गेला, एक मुलगी सुमन. सुमन अंगणवाडीत नोकरीला आणि आईजवळच राहायची.

अक्काचं घर धरणगावात आतल्या बोळात. बोळाच्या तोंडाशी आडवी गटार, तिच्यावर फरशी, फरशीला उंचवटा. मुकीचं पोट तिथं घासायचं. त्यामुळे गाडी आल्यापासून नाना अक्काच्या घरी गेला नाही. तो मोठ्या रस्त्यावर थांबायचा आणि फोन लावायचा. मग गुडघे गेलेली अक्का, भिंतीला हात लावत, हातात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन, बोळातून रस्त्यापर्यंत यायची. चालत जायला दोनशे पावलं नव्हती. नाना बाहेर उन्हात उभी गाडी सोडून जायला तयार नसे, कोणी ओरखडा मारेल म्हणून. काच अर्धी खाली व्हायची, आतला गारवा बाहेर यायचा आणि अक्का त्या फटीतून भावाचा गाल चाचपायची.

एकदा म्हणाली, "माले बसाड रे एक चक्कर." मी मागे सरकलो, तिला पुढे बसवली. खुर्ची इतकी खाली की ती बसली नाही, पडली. चक्कर मारून आलो तेव्हा तिला बाहेर काढायला दोघं लागलो. डोक्याला लावलेलं खोबरेल टेकायच्या जागी उमटलं होतं, पांढऱ्या कातड्यावर तळहाताएवढं. अक्का अजून गाडीला धरूनच उभी होती आणि नानानं कप्प्यातून बाटली आणि फडकं काढलं आणि तो डाग पुसू लागला. तिच्यासमोर. अक्का पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "मना डोकानं तेल शे रे मधू, इख नही." इख म्हणजे विष.

"तसं नाही अक्का, लगेच पुसलं नाही तर मुरतं," नाना म्हणाला आणि पुसत राहिला.

त्या दिवाळीनंतर अक्काच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सुमनला स्पष्ट सांगितलं होतं आणि सुमननं आईला. अक्का असलं काही सरळ सांगता येण्यासारखी बाई होती. जानेवारीत नाना रस्त्यावर आला तेव्हा ती सुमनचा हात धरून आली, दोनदा थांबत. काचेतून आत वाकून म्हणाली, "मधू, माले आते काही नको. फक्त मी जासू तव्हय तुना हातनं लुगडं पडू दे मना आंगवर. बठ्ठा सोडीन, पन तेवढं सोडाव नही मी."

बाई सवाष्ण असो की विधवा, तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं, आणि ते भाऊ टाकतो. भाऊ आल्याशिवाय उचलत नाहीत. अक्कानं आयुष्यात भावाकडे मागितलेली माझ्या माहितीतली ही एकच गोष्ट. नानाचे डोळे भरले. "अक्का, असं बोलू नको. मी वाऱ्यासारखा येईन. ही गाडी कशाला घेतली?" त्याला तसं खरंच वाटत होतं.

मे महिन्यात धुळ्याला नानाच्या एका जुन्या मित्राच्या मुलाचा साखरपुडा होता. सकाळी नऊला पोचलो. लोकांनी गाडीला गराडा घातला आणि नाना खुलला. बायपासवर नेऊन दोघा-दोघांना पळवून दाखवू लागला. थांबलेली गाडी एकदम सोडायची, पाठ खुर्चीला चिकटते, माणूस देवाचं नाव घेतो. मग ब्रेक. मग पुन्हा. नवरा मुलगा, त्याचे मित्र, मंडपवाला, फोटोवाला. ऊन चढत होतं, आतला गारवा पूर्ण सोडलेला. घरून निघताना भरलेली बॅटरी साडेअकराला सतरा टक्क्यांवर आली. "चार्ज करून घेऊ आरामात," नाना म्हणाला, आणि मंडपवाल्याच्या भावाला आत घेतलं.

सुमनचा फोन मला आला. मी मास्तर म्हणून ती मला गुरुजी म्हणते. नानानं उचलला नव्हता, कारण त्या वेळी तो गाडी सोडत होता. "गुरुजी, माय गयी. मामाले सांगा. ऊन फार शे, लवकर या."

नाना ऐकून रस्त्याच्या कडेला बसला. मांडी घालून, त्या मातीत, इस्त्रीच्या पँटनिशी. लहान मुलासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

आग्रा रोडवर लुगडं घेतलं, साधं नऊवारी, हिरव्या काठाचं. धरणगाव तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. गाडीच्या पडद्यावर आकडा होता, तेवढं अंतर जेमतेम जाईल असा. चार्जर हायवेला एका हॉटेलच्या आवारात. तिथं आधीच एक गाडी जोडलेली, तिला वेळ होता. मित्र मागोमाग आला होता. म्हणाला, "नाना, माझी जीप घ्या, मुकी इथं राहू द्या." नाना म्हणाला, "अक्काच्या दारी मी दुसऱ्याच्या जीपमध्ये उतरू?"

मी शाळेत विज्ञान शिकवलंय. म्हणालो, "नाना, एसी बंद करा, काचा खाली करा आणि चाळीसनं चला. आरामात पोचते. दीड-दोन तासांत धरणगाव."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अक्काला शिवी दिली. "चाळीसनं? या गाडीनं? मागून ट्रकवाले हॉर्न मारतील. ट्रॅक्टर पुढे जाईल, मास्तर."

"जाऊ दे ना."

"तुला नाही कळायचं. एक तासाचा तर प्रश्न आहे. नंतर मी अर्ध्या तासात खेचतो."

असा तो तिथं थांबला. मी पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. मित्र जीप घेऊन मंडपाकडे परतला होता. मग त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि एसटी स्टँडची रिक्षा पकडली. त्यानं पिशवी सोडली, एवढं मात्र खरं. म्हणाला, "तू हो पुढे, मी तुला पारोळ्यालाच गाठतो."

बसमध्ये खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता आणि मांडीवर लुगडं होतं. पारोळा गेलं. एरंडोलला उतरून रिक्षा केली. मागे वळून पाहायचं सोडून दिलं होतं.

तीन वाजता पोचलो. अक्काला अंघोळ घालून ओट्यावर ठेवली होती, बर्फाच्या लाद्या वितळून पाणी बोळातून गटारीकडे चाललं होतं. लोक माझ्यामागे पाहत होते. "मामा कोठे शेतस?" सुमननं विचारलं. मी म्हणालो, येतोय. चार वाजता पुन्हा येतोय म्हणालो. फोन लावला तर म्हणाला, आत्ता कुठे पहिली गाडी निघाली, आपली जोडलीय. साडेचारला अक्काचा पुतण्या, जो अग्नी देणार होता, हळूच म्हणाला की आता थांबता येणार नाही. वास सुरू झाला होता. हे लिहावं की नाही, असा मी विचार केला. लिहायलाच हवं. जिनं याला कडेवर वाढवला, तिच्या देहाला वास सुटेपर्यंत हा गाडीला वीज पाजत बसला होता.

सुमन माझ्याकडे आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "गुरुजी, तुम्ही मायना गावना शेतस. तुम्हीच टाका."

मी लुगड्याची घडी मोडली आणि अक्काच्या अंगावर टाकलं. माझे हात त्या कामाचे नव्हते. आत बायका रडत होत्या, पण एक म्हातारी दाराला टेकून नुसती म्हणत होती, "भाऊ उनाच नही वं माय. भाऊ उनाच नही."

स्मशानातून परत आलो, नळावर अंघोळ केली आणि बोळाच्या तोंडाशी लिंबाचा पाला चावत उभे होतो तेव्हा सहा वाजून गेले होते. माझा फोन वाजला. नानाच होता. "मास्तर, पोचलो बघ. गाडी कुठे लावू? सावली कुठे आहे?"

मान वर केली तर तो मोठ्या रस्त्यावर समोरच होता. गाडी लख्ख. वाटेत कुठंतरी धुऊनही घेतली असावी, मी विचारलं नाही. हातात एक मोठी खोकेवजा पिशवी. चार्जिंगला वेळ होता म्हणून तो रिक्षा करून पुन्हा आग्रा रोडवर गेला होता आणि दुसरं लुगडं घेऊन आला होता, भरजरी, जांभळं. "ते पहिलं अगदीच साधं होतं रे," तो मला म्हणाला. "आपल्या अक्काला शोभेल असं नको?" मग त्यानं आमचे ओले कपडे पाहिले, पुतण्याचं मुंडण केलेलं डोकं पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. "नेलं?" असं त्यानं दोनदा विचारलं. 

सुमन बोळातून आली. नाना तिच्याकडे गेला, पिशवी पुढे केली. त्याला काय करावं ते सुचत नव्हतं, हे मला दिसत होतं. तो म्हणाला, "बेटा, उशीर झाला. हे तू ठेव. तू नेस."

मढ्यासाठी आणलेलं वस्त्र पोरीला नेस म्हणाला. बाजूच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. सुमननं पिशवी घेतली. लुगडं बाहेर काढलं, शांतपणे घड्या मोडल्या आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या मुकीच्या बॉनेटवर, काचेवरून, टपापर्यंत ते पसरलं. मघाशी मी तिच्या आईवर टाकलं होतं तसंच, डोक्याकडून पायांकडे. काठ नीट सारखा केला.

"मायवर लुगडं पडनं मामा," ती म्हणाली. "हाई, तुमना जीव ज्यामा शे तेनावर."

आणि मागे न पाहता बोळात निघून गेली. तिच्यामागे बायका गेल्या, मग पुरुष. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो.

नाना गाडीकडे पाहत उभा होता. खांदे हलत होते. मला वाटलं, आता हा त्या लुगड्यावर डोकं टेकेल, आणि टेकलं असतं तर मी सगळं विसरलो असतो. तो पुढे झाला. एक टोक दोन बोटांनी उचललं, वाकून खाली पाहिलं, अंगठ्यानं रंग चाचपला. रडतच होता. नाक ओढत मला म्हणाला, "मास्तर, पलीकडचं टोक धर. ओढू नको. जरीचा काठ घासला तर ओरखडे पडतील."

मी पलीकडे गेलो आणि टोक धरलं.